एकुलता एक चाहता

कारण सांगून सुट्टी मागणं हे नवख्यांचं काम! मी कतारमध्ये सतरा वर्षं कारकुनी करतोय. धाकट्या बहिणीचा, अफशांचा निकाह रत्नागिरीत ठरला, तेव्हा अर्जात मी नुसतं 'घरगुती काम' लिहिलं. डेक्लन साहेब आयरिश माणूस. केबिनमध्ये त्यांच्या तरुणपणच्या बँडचा फोटो होता, 'द वेट पोस्टमेन'.

"सर, मी यांचा जुना चाहता!" मी ठोकून दिलं.

साहेबांचे डोळे भरून आले. सही राहिली बाजूला, पाचही अल्बम माझ्या मोबाईलवर आले. "आधी ऐक, मग बोलू!"

मी राहतो त्या अल नस्रहून पहाटे साडेचारला कंपनीची बस निघते. रास लफानच्या ऑफिसपर्यंतची झोप हीच माझी इस्टेट. तीही गेली! कानात बँजो, अकॉर्डियन, पत्र्याची बासरी आणि कुणी मागं लागल्यासारखा पळणारा ड्रमवाला. गाणी मात्र बुडालेल्या खलाशांची नि काम गेलेल्या गोदी कामगारांची. मयताची बातमी वरातीच्या ठेक्यावर!

"वलीभाई, पाय हलतोय तुमचा," शेजारचा कुणाल म्हणाला.

"थकव्याने हलतोय, बाबा!"

आठवड्याने मी साहेबांसमोर बँडची कारकीर्द घडाघडा म्हटली. पहिल्या अल्बमवर गल्ली नाचली, दुसऱ्यावर शहर. तिसऱ्यानंतर गायक पळाला. मग बँजोवाले साहेबच गायला लागले. चौथा मित्रांनी घेतला, पाचवा त्यांच्या आईने. साहेबांनी मला मिठी मारली आणि सही ठोकली! मी ताहेरुन्निसाला, म्हणजे बायकोला, गावी फोन केला, "खलास, काम झालं!"

दुसऱ्या दिवशी एचआरमधल्या नबीलाचा फोन. "वलीभाई, साहेबांनी तुमची सुट्टी दहा दिवस पुढे ढकललीय."

मी केबिनकडे धावलो. साहेब रिटायर होत होते आणि निरोपाला, वीस वर्षांनी, अख्खा बँड कतारला येत होता. नेमका निकाहच्या शुक्रवारी!

"तू नसलास तर वाजवू कुणासाठी?"

मी निकाहचं सांगायला तोंड उघडलं.

"आभार नकोत, वली!" साहेबांनी पाठ थोपटली.

शुक्रवारी दुपारी अल खोरच्या क्लबात मी पहिल्या रांगेत बसलो. मांडीवर मोबाईल, त्यात व्हिडिओ कॉलवर अफशां. तिने 'कबूल' म्हटलेलं ओठांवरून कळलं, कारण इकडे खलाशी बुडत होता.

"अवो, रडतंय कोन तिकडे?" ताहेरुन्निसाने मोबाईलमधून ओरडून विचारलं.

"साहेब गातायत," मी डोळे पुसत ओरडलो.

अगदीच खोटं नव्हतं ते. अर्धंच सांगितलं, इतकंच.