मानाची माणसं मागच्या सीटवर

"एका दाराला घाबरू काय मी? कोल्खोजच्या सामूहिक शेतातल्या अकरा हार्वेस्टरांची आतडी बाहेर काढून परत बसवलीत या हातांनी!"

तोलोगोन हे महिनाभर म्हणत होता आणि महिनाभर त्याच्या जर्मन गाडीची दारं त्याचं ऐकत नव्हती. गाडी तिशीची, हवेवर चालणाऱ्या कुलपांची. मागच्या सीटखाली एक पंप. त्याने हवा ओढली की चारी दारं बंद, हवा उलटी फुंकली की चारी उघडी. कागदावर सगळं छान होतं. प्रत्यक्षात पंप दमेकऱ्यासारखा घरघरायचा आणि दारं मनाला येईल तशी वागायची. दारांच्या कडेवरच्या कुलपाच्या खुंट्या आपोआप वरखाली व्हायच्या, बिळातून डोकावणाऱ्या मार्मोटांसारख्या! वैतागून तोलोगोनने ड्रायव्हरची सोडून बाकी तिन्ही खुंट्या पिळून काढल्या. ना खुंटी राहील, ना कटकट. पंपाला जोर यावा म्हणून काचांचा फ्यूजही त्यालाच देऊन टाकला.

"अहो, मेकॅनिककडे न्या ना," बायको बुर्माकान म्हणाली.

"मेकॅनिक? मग मी कोण?"

"ते पाहुणे आल्यावर कळेलच."

पाहुणे शनिवारी येणार होते. नवऱ्या मुलाची आई त्यांच्या मुलीच्या, नुरजमालच्या कानांत कर्णफुलं घालणार आणि सोयरीक पक्की होणार. कानात फूल गेलं की लग्नाची तारीखही तिथेच ठरते. आणि नुरजमालचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं.

"बाबा, एक वर्ष थांबा म्हणून तुम्ही सांगणार ना त्यांना?" तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तोलोगोन गाडीखाली होता. गाडीखालूनच म्हणाला, "सांगतो गं. आधी हे दार होऊ दे."

खरं सांगायचं तर त्या महिनाभरात तो दार दुरुस्त करतच नव्हता. तो लपला होता. मुलाकडच्यांपुढे मुलीच्या बापाने अट घालायची म्हणजे जीभ जड होते. लोखंडाशी झुंजायला हिंमत लागत नाही, लोखंड उलटून बोलत नाही. आपल्याकडचे अर्धे बाप असेच कुठल्या ना कुठल्या गाडीखाली आडवे असतात, आणि वर पोरींची आयुष्यं ठरून जातात.

शनिवारी तोलोगोन स्वतः कोचकोरच्या बस स्टँडवर गेला. मुलाचा बाप वारलेला, म्हणून आई शारीपा आली होती, आणि सोबत तिचे थोरले दीर कासिमाली. वय शहात्तर, वजन एका मेंढ्याला भारी, आणि मान वजनापेक्षा जास्त. दोघांना मागे बसवून तोलोगोनने दारं लावली. पंपाने हवा ओढली. टक! तोलोगोनने आरशात स्वतःकडे पाहून मिशी पिळली.

अंगणात बायका मिठाईचं, गोळ्या-खडीसाखरेचं ताट घेऊन उभ्या होत्या. पाहुणा उतरला की त्याच्या डोक्यावर मिठाई उधळायची. पण उतरेल तर ना! तोलोगोन ड्रायव्हरच्या दाराने उतरला, धावत मागे गेला, दार ओढलं. दार हलेना. पलीकडचं ओढलं. तेही हलेना. आतून वर ओढायला खुंट्या नव्हत्याच. ड्रायव्हरच्या दारात चावी फिरवली. सीटखाली पंप कण्हला आणि गप्प झाला.

"अगंबाई!" शारीपा आतून ओरडली. "माझ्याखाली कोणीतरी रडतंय!"

कोणीतरी घाईने मिठाई उधळलीच. गोळ्या काचांवर ताडताड आदळल्या.

"दगडफेक!" कासिमालींनी डोकं खाली घातलं. "शारीपा, वाक! कसल्या घरात सोयरीक जमवलीस!"

"दगड नाही हो व्याहीबुवा, खडीसाखर!" तोलोगोन काचेवर हात आपटत ओरडला. ते हात आपटणं पाहून आजोबा आणखीच खाली गेले.

मग सुरू झाला पाहुणचार. मागची काच चार बोटं उघडी होती, आणि फ्यूज काढल्यामुळे आणखी खाली जाईना. त्या फटीतून चहाचं कटोरं जाईना, म्हणून बुर्माकान एकेक बोरसोक, तळलेला पिठाचा गोळा, आत सरकवू लागली. कासिमाली ते खात होते आणि प्रत्येक घासाला अपमान मोजत होते. शेजारचा मेदेरकुल पहार घेऊन आला.

"फोडू का काच?"

"तुझं डोकं फोडीन!" तोलोगोन म्हणाला.

मार्ग एक होता. पुढची सीट ओलांडायची आणि ड्रायव्हरच्या दाराने उतरायचं. बुर्माकानने भीतभीत ते सुचवलं.

"पार्श्वभाग आधी?" कासिमालींचा आवाज चढला. "सोयऱ्याच्या अंगणात मी पार्श्वभाग आधी उतरू? मी माझ्या दारानेच उतरेन. नाहीतर इथेच मरेन. दफनही गाडीसकट करा!"

"मीही माझ्याच दाराने उतरणार," शारीपा म्हणाली.

म्हणजे पंपच बघायला हवा होता. आणि पंप होता सीटखाली. आणि सीटवर होते व्याही! मानाच्या जागेवर बसलेल्या व्याह्याला 'जरा उठता का' म्हणायचं? त्यापेक्षा सोयरीक मोडलेली बरी. तोलोगोन पाना हातात घेऊन उभा राहिला. मटण थंड होत होतं. सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं आणि त्याला नेहमीप्रमाणे एकही वाक्य सुचत नव्हतं.

तेवढ्यात नुरजमाल आली. बोलावल्याशिवाय तिने समोर यायचं नव्हतं. ती सरळ ड्रायव्हरच्या दाराने आत शिरली.

"आजोबा, पुढच्या सीटवर या. शारीपा अपा, तुम्ही सीटपुढे खाली गुडघ्यांवर बसा. मला सीट उचलायचीय."

"ही कोण?" कासिमाली गरजले.

"तुमची होणारी सून. पाय उचला, आजोबा. गुडघा दुखतो का? मग डावा आधी."

कोणी इतक्या सरळ आवाजात त्यांच्याशी वीस वर्षांत बोललं नसावं. आजोबा निमूट पलीकडे गेले. शारीपा गुडघ्यांवर बसली. नुरजमालने सीट उचलली. पंपातून चार नळ्या चार दारांकडे गेल्या होत्या.

"बाबा, बाहेरून ड्रायव्हरचं दार लावा. मी हात हलवला की चावी फिरवा."

दार बंद झालं. तोलोगोन काचेला नाक लावून तिच्या हाताकडे बघत राहिला. तिने एक नळी काढून पंपाच्या तोंडावर बोट दाबलं, हात हलवला. पंप कण्हतच राहिला. दुसरी. कण्हणं तेच. तिसरीला, ड्रायव्हरच्या दाराच्या नळीला, पंपाचा सूर एकदम घट्ट झाला. हवा तिथून गळत होती! पण तेवढ्यात दम संपून पंप थांबला; आता तेवढं भोक दाबून चावी परत फिरवली की बाकीची दारं उघडणार.

नुरजमालने बोट दाबून ठेवलं. हात मात्र हलवला नाही.

"अपा, एक विचारू?"

"आत्ता?"

"आत जेवायला बसलो की मला कोणी बोलू देणार नाही. माझं नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय. ते संपल्यावर लग्न कराल?"

"ही धमकी आहे!" पुढून कासिमाली म्हणाले. "पोरगी आपल्याला कोंडून अट घालतेय!"

"नाही आजोबा. नाही म्हणालात तरी दार उघडणारच आहे. फक्त उत्तर हवंय."

शारीपा गुडघ्यांवरच होती. ओढणी सरकलेली, तोंडाला बोरसोकचा चुरा. तिने पोरीच्या तेलकट बोटाकडे पाहिलं.

"मी शिवणशाळेत दुसऱ्या वर्षाला होते," ती हळूच म्हणाली. "मला तिथूनच उचलून आणलं लग्नाला. माझ्या बापाला कोणी विचारलं नाही आणि तोही काही बोलला नाही. चांगलं घर मिळालं, नवराही चांगला होता. पण आजही शाळेचं दार दिसलं की मी रस्ता बदलते."

पुढे कासिमालींनी घसा खाकरला. तिला उचलून आणणाऱ्यांत तेही होते.

"एक वर्ष," शारीपा म्हणाली. "पण मुलाला तूच कळव. तो रडका आहे. आता उघड बाई, माझे पाय गेले!"

नुरजमालने हात हलवला. चावी फिरली. टक! टक! दोन्ही मागची दारं उघडली. कासिमाली परत सीट ओलांडून मागे गेले आणि मगच आपल्या दाराने, उजवा पाय आधी टाकत, दिमाखात उतरले. मिठाई सगळी आधीच उधळून संपली होती, म्हणून बायकांनी त्यांच्यावर पिठीसाखर टाकली.

"पाहिलंत?" तोलोगोन अंगणभर सांगत सुटला. "चावी फिरवायचीही एक कला असते!"

जेवण झालं. कर्णफुलं कानांत गेली. तोलोगोनने बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि आयुष्यातलं सगळं धैर्य गोळा करून उभा राहिला.

"व्याहीबुवा, विहीणबाई... माझी एक विनंती आहे. बाप म्हणून. लहान तोंडी मोठा घास होईल, पण आज बोललो नाही तर... आमच्या नुरजमालचं शिक्षण..."

"एक वर्ष ना?" शारीपा हाड चोखत म्हणाली. "ठरलं ते मघाशीच. मी गुडघ्यांवर होते तेव्हाच पोरीने विचारून घेतलं."

तोलोगोन उभाच राहिला. तोंड उघडं, आत अजून पंधरा वाक्यं शिल्लक.

"मग... मी आता काय बोलू?"

"काही नका बोलू," बुर्माकान म्हणाली. "सवय आहे तुम्हाला."