बोला, लाईन दिली

सेतुमाधवराव फोनवर बोलताना फोनची तार चिमटीत धरीत. भिंतीतून निघून यंत्राकडे जाणारी ती तार ते अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इतकी हलकेच धरीत, की वैद्य नाडी पाहतो आहे असे वाटावे. पुढे घरात संगणक आला, इंटरनेट आले, अमेरिकेतला मुलगा पडद्यावर दिसू लागला. तरी चिमूट सुटली नाही. "धरलं की लाईन थांबते," असे ते सांगत. मी शाळेत विज्ञान शिकवते. तार धरल्याने तिच्यातून जाणाऱ्या संदेशावर काडीचाही परिणाम होत नाही, हे मी त्यांना एकदा नीट समजावून दिले. त्यांनी मन लावून ऐकले आणि तमिळमध्ये होकार देत म्हणाले, "सरी. पण सोडून बघायला भीती वाटते की."

अण्णा नगरमधल्या एका इमारतीत आमची दारे समोरासमोर होती. यजमानांची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही नाशिकहून चेन्नईला आलेलो. सेतुमाधवरावांचे पूर्वज मात्र कित्येक पिढ्यांपूर्वीच तंजावरला येऊन राहिले होते. त्यामुळे आमची भाषा एक असूनही एक नव्हती. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तिची चाल तमिळ. 'सगळे' म्हणायचे असेल तेथे ते 'अस्कं' म्हणत आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला एक 'की' लावीत. इमारतीतले लोक त्यांना 'रायर' म्हणत, मी 'काका' म्हणे, आणि त्यांनी मला पहिल्याच दिवशी 'टीचरम्मा' करून टाकले.

त्यांची सारी नोकरी एग्मोरच्या रेल्वे कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर गेली. समोर भोकांची फळी, हातात दोऱ्या. एका साहेबाची दोरी दुसऱ्या साहेबाच्या भोकात घालायची, "बोला, लाईन दिली" म्हणायचे आणि आपण कानावरचे यंत्र उतरवून बाजूला व्हायचे. "दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही. पहिला रूल," हे सांगताना ते तेव्हाही मान वळवून भिंतीकडे पाहत. निवृत्तीनंतर बोर्ड गेला, वाक्य राहिले. शेवग्याच्या शेंगा आणून दिल्या तरी "घ्या, लाईन दिली." जिन्यात बाजूला सरून वाट दिली तरी तेच. एका लग्नात त्यांनी भटजींच्या हातात नारळ ठेवून हेच वाक्य उच्चारले, आणि मी त्यांच्या शेजारी उभी असल्याने वधूपक्षाने माझ्याकडेही त्याच नजरेने पाहिले. पुढचा अर्धा तास मी समोरच्या केळीच्या पानाच्या शिरा निरखीत बसले.

मुलगा रघू ह्यूस्टनला गेल्यावर घरातही हीच व्यवस्था चालू राहिली. नंबर फिरवायचे काम सेतुमाधवरावांचे. पलीकडून आवाज आला की ते पत्नीकडे रिसीव्हर देत: "कमला, लाईन दिली." कमलाबाई मग तासभर बोलत. रसमाला फोडणी कशी घातली येथपासून कोणाच्या मुलीला कोणते स्थळ आले येथपर्यंत. सेतुमाधवराव शेजारी तार चिमटीत धरून उभे आणि मान भिंतीकडे वळवलेली. पोटच्या मुलाचे बोलणे. पण रूल तो रूल.

कमलाबाई गेल्या तेव्हा घरात संगणक नुकताच आला होता. त्यानंतर बोलायचे काम सेतुमाधवरावांवर आले.

दर रविवारी सकाळी स्नान करून, इस्त्रीची वेष्टी नेसून ते संगणकासमोर बसत. तिकडे शनिवारची रात्र असे. जोडणी टेलिफोनच्या जुन्या तारेवरची. चित्र तुकड्यातुकड्यांनी येई, आवाज विहिरीतून आल्यासारखा. मग आमच्या इमारतीला पुढील संवाद ऐकावा लागे.

"रघू, ऐकू येतं का?"

"अप्पा, येतं. तुम्हाला येतं?"

"काय? तुझं डोकं दिसतं, तोंड दिसत नाही की!"

"आता?"

"आता तोंड आलं, हालत नाही! थांब, तार धरतों!"

हे तासभर चाले. एकदा आमच्या मुख्याध्यापिका माझ्याकडे चहाला आल्या होत्या. "तुझं नाक हिरवं का?" अशी समोरून आलेली आरोळी ऐकून त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारले, "तुमच्याकडे कोणी आजारी आहे का?" मी "शेजारी इंटरनेट आहे" असे उत्तर दिले. वर्गात कोणी असे उत्तर दिले असते तर मी त्याला खाली बसू दिले नसते.

सेतुमाधवरावांना याचे काही वाटत नसे. त्यांचे दुःख वेगळे होते. "लाईन चांगली नाही म्हणून बोलणं होत नाही, टीचरम्मा. लाईन बरी होऊं दे, मग पोटभर बोलूं. कमला बोलायची तसं. अस्कं बोलूं." हे ते इतक्या खात्रीने सांगत, की मलाही ते पटले होते.

काही वर्षांनी आमच्या रस्त्यावर काचेची तार टाकणारी एक कंपनी आली. इमारतीतली निम्मी घरे तयार असतील तरच ते लोक तार आत आणणार होते. झाले. सेतुमाधवरावांनी घरोघर जाण्याचा बेत केला आणि मला बरोबर घेतले. "मी सांगितलं तर म्हातारा बडबडतो म्हणतील. तुम्ही सायन्स टीचर. तुम्ही दाखवा."

काचेच्या तारेचे तत्त्व सोपे आहे. केसाएवढ्या बारीक काचेत एका टोकाने प्रकाश सोडला की तो आतल्या आत भिंतींवर आपटत, वळणे घेत, दुसऱ्या टोकाला पोहोचतो. मी हे वर्गात एका प्रयोगाने दाखवते. प्लॅस्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडायचे, मागून टॉर्च धरायचा, आणि अंधारात पाण्याची धार सोडायची. प्रकाश धारेबरोबर वाकतो. मुले टाळ्या वाजवतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या मीनाक्षी मामींच्या घरी टाळ्या वाजल्या नाहीत. पडदे ओढलेल्या त्यांच्या दिवाणखान्यात मी एका हातात टॉर्च आणि एका हातात बाटली घेऊन उभी होते, मामींचे यजमान लुंगी सावरीत पाहत होते, आणि सेतुमाधवराव खाली बादली धरून "बघा, बघा, लाईट कसा बागडतो" असे सांगत होते. धार बादलीऐवजी जमखान्यावर पडली. मामी शांतपणे म्हणाल्या, "टीचर, टँकर येऊन चार दिवस झाले. तण्णी असं सांडायचं असेल तर तुमच्या घरून आणायचं ना." मामींची मराठी आमच्या शेजाराने आलेली, पण हे वाक्य त्यांनी अगदी निर्दोष म्हटले. त्यानंतरच्या प्रत्येक घरी सेतुमाधवराव पाणी स्वतःच्या तांब्यातून नेऊ लागले. प्रयोगामुळे की प्रयोग थांबावा म्हणून, कोण जाणे, पण घरे तयार झाली.

तार आली त्या रविवारी मला आणि माझ्या यजमानांना समोर कॉफीचे आमंत्रण होते. सेतुमाधवरावांनी संगणकाला चंदनाचा टिळा लावला होता. कमलाबाईंचा फोटो एरवी आतल्या खोलीत असे. तो आज बाहेर आणून, पडदा दिसेल असा, कपाटावर ठेवला होता. नवी तार पिवळी आणि बोटभर जाडीचीही नव्हे. भिंतीवरच्या डबीपासून संगणकाकडे मात्र साधी निळी तारच येत होती. त्यांनी ती चिमटीत धरली, आणि पडद्यावर रघू आला.

तो तुकड्यातुकड्यांनी आला नाही. एकदम, सबंध आला. गालावर दाढी करताना कापलेले दिसत होते. कानशिलापाशी पांढरे केस दिसत होते.

"रघू, ऐकू येतं का?" सेतुमाधवराव सवयीने ओरडले.

"येतं, अप्पा. हळू बोला. छान येतं."

"दिसतं?"

"दिसतं. एकदम क्लिअर."

"सरी," सेतुमाधवराव म्हणाले. "केस पांढरे झाले की तुझे."

"हो अप्पा."

आवाज इतका स्वच्छ येत होता, की रघूच्या स्वयंपाकघरातला फ्रीज घुमताना ऐकू येत होता.

"जेवलास?"

"जेवलो. तुम्ही?"

"इकडे सकाळ की."

"हो, हो. सॉरी."

पुन्हा फ्रीज. रघू टेबलावरचे काहीतरी सरळ करू लागला. सेतुमाधवरावांनी पडद्याकडे पाहिले, फोटोकडे पाहिले आणि मान भिंतीकडे वळवली. ती इतक्या वर्षांची वळण्याची जागा होती. पण त्या दिवशी तिथे वळून उपयोग नव्हता, कारण ऐकू नये असे कोणी काही बोलतच नव्हते. अखेर ते उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "टीचरम्मा, तुम्ही बोला. लाईन दिली."

मी बसले. मी रघूला तिकडचे तापमान विचारले, कामाचे तास विचारले, शाळा कशा असतात ते विचारले. तोंडी परीक्षा घेत असल्यासारखी मी प्रश्न विचारीत होते आणि तो एकेका शब्दात उत्तरे देत होता. यजमान कपातल्या कॉफीकडे पाहत होते. एखाद्याच्या घरात आपण न पाहण्याजोगे काही पाहत आहोत आणि उठताही येत नाही, ही लाज फार अवघडलेली असते. तिच्यात आपली चूक कोणती हे सांगता येत नाही, आणि म्हणून माफीही मागता येत नाही. कॉफी निवायच्या आत बोलणे संपले. "नवीन आहे ना, सवय नाही," सेतुमाधवराव आम्हाला दारापर्यंत पोहोचवताना म्हणाले. ते आमच्या पायांकडे पाहत होते.

पुढचे रविवार शांत गेले. इतके शांत, की मामींनी जिन्यात मला विचारले, "रायर गावाला गेले?" घरोघरी तारेचे कौतुक चालले होते. मुले चित्रपट पाहत होती, मामी पडद्यावरच्या मुलीकडे पाहून जावयाला सूचना देत होत्या. सेतुमाधवराव कोणी कौतुक केले की मान डोलावीत आणि पुढे जात. एकदा मी विचारले, "रघूशी बोलणं होतं ना काका?" ते म्हणाले, "होतं की. लगेच होतं." थोड्या वेळाने म्हणाले, "पुढच्या रविवारी त्याला काम आहे म्हणाला."

आणि मग एका रविवारी, मी पोळ्या लाटत असताना, समोरून आरोळी आली.

"ऐकू येतं का? रघू! आता येतं?"

मामी पाच मिनिटांत खाली आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जमखान्याची आठवण ताजी होती. "टीचर, आम्हा सगळ्यांना काचेची तार घ्यायला लावली, आणि रायर पुन्हा ओरडायला लागले. तुमचा टॉर्च विझला काय?"

मी हात पुसून समोर गेले. दार नेहमीप्रमाणे उघडेच होते. हाक मारायला हवी होती; मी मारली नाही.

सेतुमाधवराव खुर्चीच्या कडेवर बसले होते. निळी तार संगणकाच्या मागे जिथे बसते तिथे त्यांची चिमूट होती. ते टोक हळूच ओढीत. पडद्यावरचा रघू थिजे. मग ते टोक आत दाबीत, थोडा वेळ थांबत, आणि रघू हलू लागे.

"अप्पा! अप्पा, गेलात का?"

"इथेच आहें! तुझं तोंड गेलं होतं!"

"आता?"

"आता आलं! डोळा एकच आला!" आणि ते हसले. त्या घरात मी ते हसणे फार दिवसांनी ऐकत होते.

मग त्यांना मी दिसले. चिमूट जागच्या जागी थांबली. त्यांनी तार सोडली आणि दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले, पालथे. कॉपी करताना सापडलेली मुले हात असेच ठेवतात. मी वर्षानुवर्षे अशा मुलांसमोर उभी राहिले आहे आणि काय बोलायचे ते मला नेहमी माहीत असते. त्या दिवशी माहीत नव्हते. लाज त्यांची होती, की न विचारता आत आल्याची माझी, हेही मला ठरवता येईना.

"तिला बोलता यायचं," ते अगदी हळू म्हणाले. "मला लाईन तेवढी येते."

"अप्पा, कोण आहे तिकडे?" रघूने विचारले. चित्र आता स्वच्छ होते. "टीचर आंटी? आंटी, तुम्ही सायन्सवाल्या ना, बघा ना जरा. लाईनला काय झालंय?"

सेतुमाधवराव भिंतीकडे पाहू लागले.

काचेच्या तारेत बिघाड नव्हता. आमच्या घरी, मामींच्या घरी, साऱ्या इमारतीत ती उत्तम चालू होती, आणि मी त्या तारेसाठी घरोघर पाणी सांडीत फिरले होते.

"खराब आहे, रघू," मी म्हणाले. "आमच्याकडे सगळ्यांकडेच असं होतं. पावसाळा संपेपर्यंत चालायचंच."

चेन्नईत तेव्हा कडक ऊन होते. रघूने माझ्याकडे जरा निरखून पाहिले. मग त्याने वडिलांच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिले असावे, कारण त्याची नजर खाली गेली. पुढचे त्याने ज्या मराठीत म्हटले ती त्याच्या आई-वडिलांची होती.

"इकडेपण तसंच की, आंटी," तो म्हणाला.

त्याचा खांदा पुढे झुकला आणि हात आपल्या संगणकाच्या मागे गेला. चित्र थरथरले, तुकडे झाले, थिजले. सेतुमाधवरावांचे दोन्ही हात अजून मांडीवरच होते. मी पाठ फिरवून दाराकडे निघाले, तेव्हा मागून विहिरीतल्यासारखा आवाज आला.

"अप्पा, ऐकू येतं का?"