सुरमईच्या डब्यात गाव

दामूअण्णाला लग्नाची पत्रिका द्यायला गेलं की तो मुहूर्त विचारत नाही. "मोठ्या पोरीच्या लग्नाचं शूटिंग कुठं ठेवलंय?" हे विचारतो. कपाटात आहे म्हटलं की, "कॉपी किती?" एकच, असं सांगितलं की कपाळाला हात लावतो आणि चहासुद्धा न विचारता आपल्याला वाटेला लावतो.

हा माझा शेजारी. थळला समुद्राच्या बाजूला आमची दोन घरं, मधे कुंपण. ते मी घातलं, कारण याच्या वायरी माझ्याकडे शिवायला आलेल्या ब्लाऊजांपर्यंत पोचल्या होत्या. अण्णाने कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात जन्म घालवला, लग्न केलं नाही, आणि रिटायर झाल्यावर डोक्यात एकच खूळ घेतलं. अख्ख्या कोळीवाड्याचे फोटो आणि व्हिडिओ एका पेटीत जपायचे. घराघरातल्या मोबाइलमधून वायफायने ते आपोआप तिथे जायचे. आत चार हार्ड डिस्क, प्रत्येक फोटो एकाहून जास्त डिस्कवर. एक डिस्क मेली तरी फोटो जिवंत.

अशी पेटी बाजारात तयार मिळते, मी म्हटलं.

"तिला आपली हवा काय ठाव? खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचा पापड होतोय हितं. आणि तिच्या पोटात काय चाललंय ते कंपनी दावत न्हाय. आपली पेटी उघडी. कुणीबी बघावी, सुधरावी, तशीच दुसरी बनवावी."

उघडी म्हणजे किती? त्याने पेटीचा नकाशा मासळी सुकवायच्या खळ्याजवळ भिंतीवर चिकटवला आणि शेजारी दोरीने पेन बांधलं. दोन दिवसांत पेन गेलं. सूचना मात्र आल्या. कुणी लिहिलं, "खाली भोक पाड, पाणी साचंल." कुणी, "पंखा उलटा लावलास." एकाने नुसतीच होडी काढली. अण्णाने भोक पाडलं, पंखा फिरवला आणि अक्षरावरून माणसं ओळखून त्यांची नावं पेटीवर रंगवली, होडीवर रंगवतात तशी. होडी काढणाऱ्याचंही शोधून काढलं. म्हणाला, "त्याने निदान नकाशा बघितला तरी."

आणि पेटी कसली, तर बर्फात मासे ठेवायचा जुना डबा. जाड, खाऱ्या पाण्याला दाद न देणारा. स्वच्छ धुतला होता म्हणे. डिस्क गरम झाल्या तसा सुरमईचा वास सुटला आणि कोळीवाड्यातली यच्चयावत मांजरं डब्याभोवती येऊन बसली. नकाशा त्याने इंटरनेटवरही फुकट टाकला होता. परदेशातून कुणीतरी डब्याचं माप विचारलं. याने कळवलं, सुरमई आडवी मावली पायजे. त्या माणसाने पुढे काही विचारलं नाही.

मी अण्णाला पोटभर हसले. हसण्यासारखाच आहे तो. पण हे खूळ आलं कुठून, ते मला ठाऊक होतं.

आमच्या आळीतल्या हिराबाईचा नवरा समुद्रात गेला तो परतला नाही. तिच्याकडे त्याचा एकच फोटो होता. तिने तो अण्णाकडे मोठा करायला दिला. "उद्या करतो" म्हणत याने आठवडा काढला आणि वादळात याचं छप्पर उडालं. फोटोचा लगदा झाला. हिराबाई कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं. ती रोज डोक्यावर पाटी घेऊन याच्या दारावरून जायची आणि याच्याशी एक शब्द बोलायची नाही.

म्हणून हा लोकांची लग्नं मागत सुटला होता. दुपारी भात कालवून स्क्रीनसमोर बसायचा आणि परक्यांच्या हळदी बघायचा. नवरा-नवरीकडे लक्ष नाही, मागच्या गर्दीत तो एक चेहरा सापडतो का तेवढंच. दोन वर्षं हेच.

गेल्या मंगळवारी कुंपणावरून हाक आली. "जरा ये. मला खात्री वाटत न्हाय."

कुणाच्या तरी हळदीत, बँडवाल्यांच्या मागे, हिराबाईचा नवरा नाचत होता. सात-आठ सेकंद. मग कॅमेऱ्याकडे बघून हसला आणि लाजून बाजूला झाला. तोच आहे, मी सांगितलं.  हिराबाईला बोलावायची अण्णाची हिंमत काही होईना. शेवटी मीच जाऊन तिला हाताला धरून आणलं.

तिने पाटी बाहेर ठेवली, मांजरं ओलांडून आत आली आणि बघितलं. अण्णाने परत लावलं. तिने परत बघितलं. हा लेकाचा आमच्याकडे पाठ करून एक घट्ट बसलेला स्क्रू आवळत राहिला. मला इतकं भरून आलं की मी उगाच एका मांजराला हाकललं.

हिराबाईने पदराने डोळे पुसले.

"तो फोटू काय धड न्हवता, अण्णा," ती म्हणाली. "त्यात हसत न्हवते ते."

दोन वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती.