अकराची सभा

पाणी समितीच्या सचिवांनी कपाटातून सभांचं रजिस्टर काढलं आणि दोन वर्षांची पानं तिसऱ्यांदा उलटली. प्रत्येक सभेखाली त्यांच्याच वळणदार अक्षरात एकच वाक्य होतं : 'महिला सदस्य अनुपस्थित.' समितीत निम्म्या बायका हव्यात असा नियम होता आणि त्या होत्याही. सहा जणी. त्यांतल्या अध्यक्षा म्हणजे खुद्द सचिवांची बायको. फक्त सभेला त्या कधी आल्या नव्हत्या.

आता वरून पत्र आलं होतं. परवा तपासणी. महिलांचा सहभाग दिसला नाही, तर वस्तीला मिळणारी दुसरी टाकी रद्द.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधीच विषय काढला.

"परवा सभेला यायचं आहे तुला. बाकीच्या पाच जणींनाही घेऊन ये."

"किती वाजता?" बायको बादल्या विसळत होती.

"अकराला. सभा नेहमी अकरालाच असते."

"आणि पाणी किती वाजता येतं?"

पाणी अकराला येतं हे सचिवांना पाठ होतं, वेळापत्रक त्यांनीच टाइप केलं होतं. पण हे अकरा आणि ते अकरा एकच आहेत, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"सभा चारला ठेवा," बायको म्हणाली.

"अकरा म्हणून कळवून बसलोय."

"मग नळावर तुम्ही उभे राहा."

"मी सचिव आहे. मला सभेत बसावं लागतं."

"मग कसं जमायचं?"

सचिव घरातल्या घरात येरझाऱ्या घालत राहिले. जेवताना दोनदा उठले. सकाळी मात्र त्यांचा चेहरा उजळला होता. ऑफिसात जाताच त्यांनी पाणी सोडणाऱ्या काकांना बोलावलं. टाकीच्या व्हॉल्वची चावी काकांच्या खिशात असे आणि काका जिकडे जात तिकडे ती जाई.

"काका, उद्या पाणी अकराला सोडू नका. चारला सोडा."

"वस्तीत सांगू का तसं?"

"नको. सांगितलं की चर्चा सुरू होते."

घरी त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, "उद्या पाण्याची काळजी करू नकोस. मी बघतो." लग्नाला सोळा वर्षं झाली होती, तरी तिने विश्वास ठेवला आणि पाचही जणींना तसा निरोप दिला.

तपासणीच्या दिवशी अकराला पाच मिनिटं कमी असताना सहाही जणी समितीच्या खोलीत हजर होत्या. सचिवांनी खुर्च्या पुसल्या, पंखा लावला, तो गरगरून रजिस्टरची पानं उडवायला लागला म्हणून बंद केला. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. तपासणीच्या मॅडमचा पत्ता नव्हता. सचिव दर दोन मिनिटांनी दारात जाऊन रस्ता बघून येत. बायकांची चुळबुळ सुरू झाली.

"आमच्याकडे पाणी कोण भरतंय?" वरच्या गल्लीतल्या मशीनताईंनी विचारलं. त्या घरी शिवणकाम करत, म्हणून त्यांना सगळे मशीनताई म्हणत.

"कोणी नाही. आज पाणी चारला आहे," सचिव सहज म्हणाले.

सहाही माना त्यांच्याकडे वळल्या.

"कोणी ठरवलं?"

"मीच. तुमच्या सोयीसाठी."

"चारला माझं गिऱ्हाईक येतं," मशीनताई उठल्या.

"चारला माझी धुलाई केंद्रात कामाची पाळी असते," दुसरी म्हणाली.

"आणि तिकडे सगळ्या नळावर ताटकळत असतील त्यांचं काय?" अध्यक्षा उठल्या. नवऱ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. सोळा वर्षांत सचिवांनी ती नजर दोन-तीनदाच पाहिली होती.

"अगं, पण मॅडम एवढ्यात येतील."

"आम्हीही एवढ्यात येतो."

सहा जणी निघून गेल्या आणि चौथ्या मिनिटाला जीप येऊन थांबली. मॅडम सडपातळ होत्या, हळू बोलत आणि सगळं लिहून घेत. त्यांनी सहा रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"महिला सदस्य?"

"आत्ताच गेल्या. म्हणजे येतायत. वाटेत आहेत."

मॅडमनी काहीतरी लिहिलं. पाणी सुटलं की बायका शांत होतील, असा हिशेब करून सचिव बाहेर आले आणि त्यांनी काकांना फोन लावला.

"काका, सोडा पाणी. आत्ताच्या आत्ता."

"मी बसमध्ये आहे साहेब. चारपर्यंत मोकळाच होतो, म्हणून पाहुण्यांकडे निघालो."

"आणि चावी?"

"चावी आहे की खिशात. तुम्ही काळजी करू नका."

सचिवांनी फोन खिशात टाकला तेव्हा रस्त्याच्या वळणावर बादल्यांचा आवाज आला. आधी थोडा, मग खूप. पुढे सहा सदस्य होत्या आणि मागे तीनही गल्ल्यांतल्या बायका, कोणाच्या हातात बादली, कोणाच्या कडेवर कॅन. त्या खोलीत शिरल्या, खिडक्यांशी दाटल्या, पायऱ्यांवर बसल्या. सचिवांना स्वतःच्या ऑफिसात शिरायला "जरा सरका, जरा सरका" करत जावं लागलं.

मॅडमनी चष्मा सारखा केला. "एवढा सहभाग मी कुठल्याच समितीत पाहिला नाही."

"आम्ही जागृती करत असतो," सचिव क्षीण आवाजात म्हणाले.

"छान. मग मला सांगा, वरच्या गल्लीला रोज किती मिनिटं पाणी मिळतं?"

हे सचिवांना तोंडपाठ होतं. "चाळीस. तीनही गल्ल्यांना समान. नोंद आहे."

"अठरा," मशीनताई म्हणाल्या. "दोन अभ्रे शिवून होईतो नळ गेलेला असतो. दुसरी बादली अर्धी राहते."

"मधल्या गल्लीत चाळीस," खिडकीतून कोणीतरी सांगितलं.

"आणि खालच्या?" मॅडमनी विचारलं.

सगळ्या अध्यक्षांकडे बघायला लागल्या. सचिव रजिस्टरमध्ये डोकं घालून बसले.

"बासष्ट," अध्यक्षा म्हणाल्या. "खालची गल्ली आमची. आमचे नळ बंद झाले की मगच काका व्हॉल्व वरच्या गल्लीकडे फिरवतात. सचिव रागावतील म्हणून."

"सचिव तुमचे कोण?"

"नवरा आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यांनी काही लिहिलं नाही. मग त्या म्हणाल्या, "ठराव करा."

ठराव व्हायला दीड तास लागला, कारण प्रत्येकीला बोलायचं होतं आणि प्रत्येकीकडे मिनिटांचा आकडा होता. पाणी अकरालाच राहील, सभा चौथ्या शनिवारी चारला होईल, कोणाची अडचण असली तर तिने आधी सांगावं. चावी काकांऐवजी सहा सदस्यांकडे पाळीपाळीने राहील. काकांनी नळजोडण्या आणि गळती बघावी. प्रत्येक गल्लीला चाळीस मिनिटं, घड्याळ लावून. सचिवांनी एकशे चार उपस्थितांची नावं लिहिली. हात भरून आला, रजिस्टरची पानं संपली, शेवटची नावं पुठ्ठ्यावर गेली. मॅडमनी टाकीची शिफारस तिथेच लिहून सही केली आणि सचिवांचं खास अभिनंदन केलं.

काका चारला परतले, त्यांनी पाणी सोडलं आणि चावी अध्यक्षांच्या हातात देऊन लांब श्वास सोडला.

त्यानंतरचा पहिला रविवार. सचिव आंघोळ नेहमी चालू नळाखाली आणि सावकाश करत. साडेअकरा उलटल्यावर त्यांनी डोक्याला साबण लावला, गुणगुणत मान चोळली आणि हात पुढे केला. नळातून फुस्स असा आवाज आला.

"अगं, पाणी गेलं." त्यांनी डोळे घट्ट मिटून दार किलकिलं केलं. "चावी आज कोणाकडे आहे?"

"मशीनताईंकडे," बायको बाहेरून म्हणाली. "अकरा चाळीसला फिरवली असणार."

"तू अध्यक्षा आहेस. दोन मिनिटं सोडायला सांग ना."

"तसं तोंडी सांगता येत नाही आता. अर्ज करावा लागतो."

"कोणाकडे?"

"सचिवांकडे."

सचिवांनी चाचपडत टॉवेल शोधला, डोळे पुसले आणि बादलीच्या तळाशी उरलेल्या दोन तांब्यांत कसंबसं अंग धुतलं. ते बाहेर आले तेव्हा वरच्या गल्लीकडून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. तिथे कोणी घाई करत नव्हतं. बायको दारात उभी राहून ते ऐकत होती.

"दुसरी बादली भरली वाटतं त्यांची," ती म्हणाली.

सचिवांच्या कानात अजून साबण होता, पण तेही तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.