निंबार्ते सरांचे कोपरे

निंबार्ते सर कुणाच्याही घरी गेले की आधी कोपऱ्यांना हात लावून बघतात. टेबल, कपाट, देव्हारा, काही सुटत नाही. मग खुर्चीत अवघडून बसतात. चहा गार होतो, पण त्यांची नजर कोपऱ्यांवरून हटत नाही.

मोहाडीतल्या दोन पिढ्यांना सरांनी भूमिती शिकवली. घन, चिती, शंकू यांच्याबद्दल ते घरच्या माणसांसारखे बोलत. निवृत्तीनंतर मात्र त्यांना याच आकृत्यांची दहशत बसली. "तीन पृष्ठं एका ठिकानी मिळाले का माणसाचं रक्त काढतेत," असं ते इतक्या हळू आवाजात सांगत, की त्यांचा शेजारी म्हणून मीही आमच्या कपाटाला वळसा घालून जाऊ लागलो. त्यांचा भरवसा फक्त गोलावर. वृत्तचिती चालवून घ्यायचे. "तिले कडा हायेत, पण शिरोबिंदू नाई. गरीब हाय बिचारी."

शेवटी त्यांनी घरातला प्रत्येक कोपरा धानाच्या तणसाने, म्हणजे भाताच्या पेंढ्याने, बांधून टाकला. पलंग, पेटी, टेबल, सगळ्यांना मुंडासं. पाहुणे तोंड दाबून हसायचे. सरांच्या पत्नी, मालतीकाकू, तेवढ्या हसायच्या नाहीत.

एका दुपारी सर आणि मी ओसरीवर गप्पा मारत होतो. तेवढ्यात मागच्या दारानं कुणाचं तरी वासरू आत शिरलं आणि बैठकीतल्या टेबलाचं तणस खाऊन गेलं. आत येऊन पाहिलं तर टेबल उघडंबोडकं. मला हसू आवरेना. सर पांढरेफटक पडले.

काकू चहाचा ट्रे घेऊन सरळ टेबलाकडेच येत होत्या. सर धावले आणि त्यांनी कोपऱ्यावर तळहात धरला. काकूंची कंबर त्या हातावर आदळली. त्यांनी चाचपडत ट्रे ठेवला आणि मी उजवीकडे उभा असताना डावीकडे बघून मला "बसा" म्हणाल्या. माझं हसू जागीच गेलं.

काकूंना कोपऱ्यावरचा हात सापडला.

"शुगरनं माहे डोळे चालले, हे तुमाले ठाऊक हाय ना?"

सरांनी हात कोपऱ्यावरून काढला नाही.

"म्या सांगतलं नाई. तुमाले भेव वाटन म्हणून."

"मले कायचं भेव," सर म्हणाले.

"मंग आता हात धरून नेत जा."

सरांनी तो इतका घट्ट धरला, की काकूंना म्हणावं लागलं, "हळू. दुखते ना."