आत्यांनी कथा खरंच वाचल्या

गुरुवारी सकाळी मी माझा मोबाईल तासाभरासाठी सासूबाईंच्या हातात दिला. बस, एवढंच केलं मी. चोरी नाही, मारामारी नाही. तरी त्या दिवसापासून महाराष्ट्रातले बावीस लेखक मला वचकून असतात.

आधी या बावीस जणांबद्दल सांगते. मी एका ॲपवर कथा लिहिते. (बी.ए. मराठी, त्यामुळे दुसरं काही येत नाही.) तिथे आम्हा तेवीस लेखकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'साथसंगत'. आम्ही एकमेकांना वाचतो, एकमेकांना पाच स्टार देतो, एकमेकांना 'सिद्धहस्त' म्हणतो. बाहेरचं कुणी आम्हाला वाचत नाही, पण आत आम्ही सगळे लोकप्रिय आहोत.

दर शुक्रवारी एकाची पाळी असते. त्या दिवशी बाकीचे बावीस जण त्याच्या कथेवर तुटून पडतात, दहा मिनिटांत बावीस प्रतिक्रिया, आणि कथा ॲपच्या 'आठवड्याची पसंती' यादीत जाऊन बसते. अट एकच. ज्याची पाळी, त्याने गुरुवारी दुपारी बारापर्यंत त्या आठवड्यात ग्रुपवर आलेल्या जुन्या-नव्या सगळ्या कथांवर प्रतिक्रिया दिलेल्या पाहिजेत. नाही दिल्या तर पाळी गेली. पुढची पाच महिन्यांनी.

या शुक्रवारी माझी पाळी होती. कथा 'उंबऱ्याआतलं आभाळ'. मी ती अठ्ठावीस वेळा वाचली होती आणि दर वेळी मला रडू आलं होतं.

चार प्रतिक्रिया राहिल्या होत्या. मी पोळ्या उरकून बसणार, तेवढ्यात नळाला पाणी आलं. पाचव्या दिवशी येणारं पाणी, तेही संध्याकाळऐवजी सकाळी दहाला. नळाने जो फुस्स आवाज केला, त्याने मी दचकले आणि चार बोटं तव्याला लागली. (मी दचकते. कुकरची तिसरी शिट्टीसुद्धा मला अनपेक्षित वाटते.) आता बोटं भाजलेली, पाणी चाललेलं, बाराची मुदत डोक्यावर. जुळे सोलापुरात पाणी सोडून कथा वाचत बसणारी सून अजून जन्मायची आहे.

"आत्या," मी म्हटलं, "एक काम कराल का?"

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. नाव गोजरबाई. मैंदर्गीकडच्या, चाळीस वर्षं शेळ्या-मेंढ्या सांभाळल्या, शाळा चौथीपर्यंत. मोबाईल उत्तम येतो. टाईप करत नाहीत, माईकचं बटण दाबून बोलतात.

"या चार कथा आहेत. उघडायची, खाली जायचं, पाच चांदण्या दाबायच्या आणि बोलायचं, 'अप्रतिम'. दुसरीला 'निःशब्द'. तिसरीला परत 'अप्रतिम'."

"निःशब्द म्हंजी?"

"म्हणजे इतकी चांगली आहे, की बोलायला शब्दच नाहीत."

"मग बोलायचं कशाला?"

"आत्या, बाराच्या आत हवंय."

"बरं बरं. तू पानी बघ जा."

मी टाकी भरली, दोन पिंपं भरली, घागरी, पातेली, कुंड्यांखालच्या बशासुद्धा भरल्या. तासाने आले तर आत्या चष्मा लावून खिडकीशी बसलेल्या.

"झालं का आत्या?"

"दोन झाल्या. तिसरी चालूय."

"दोनच? तासात?"

"वाचाया येळ लागतो की."

"तुम्ही वाचल्या?"

"वाचल्याबिगर चांगली कशी म्हनू? शेळी तरी कोन दात बघितल्याबिगर घेतं व्हय?"

मी मोबाईल घेतला. पहिली कथा गुरुशांत सरांची होती. हे कुर्डुवाडीला रेल्वेत असतात आणि गावाकडच्या आठवणी लिहितात. त्यांच्या कथेखाली, माझ्या फोटोसकट, माझ्या म्हणजे संस्कृतीच्या नावाने लिहिलं होतं:

"गुरुशांतभाऊ, तुमची शेळी नागपंचमीला गाभन गेली आन् दसऱ्याला व्याली. शेळीला पाच म्हैनं लागत्यात. तुमी रेल्वेत हाय म्हनून शेळीबी एक्स्प्रेस व्हय? आईचं आन् पोराचं बोलनं मातुर झ्याक."

स्टार तीन.

दुसरी कथा मायाक्का मॅडमची. या अक्कलकोटच्या निवृत्त शिक्षिका आणि आमच्या ग्रुपच्या ॲडमिन. पाळ्या ठरवणाऱ्या. पाळ्या रद्द करणाऱ्याही.

"बाई, ज्वारीची भाकर लाटत न्हाईत, थापत्यात. तुमची सून तीन पानं भाकरी लाटती. सासू तिला का बोलती ते मला कळलं."

स्टार दोन.

मायाक्का मॅडमना दोन! पाच वर्षांत त्यांना कुणी साडेचारसुद्धा दिलेले नाहीत. मी ते पुसायला गेले. बोटं भाजलेली, हात ओले. पडदा काही केल्या ऐकेना, आणि घाईत ओल्या अंगठ्याने मी आत्यांच्याच प्रतिक्रियेला बदाम देऊन बसले. आता खाली दिसत होतं, की संस्कृतीला संस्कृतीचं म्हणणं फार आवडलं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. 'मायाक्का मॅडम'. मी अशी दचकले की मोबाईल हातातून उडाला तो थेट आत्यांच्या मांडीवर. त्यांनी शांतपणे उचलला आणि स्पीकर लावला. (त्या स्पीकरशिवाय बोलत नाहीत. कानाला लावला की माणूस जवळ आल्यासारखा वाटतो म्हणतात.)

"संस्कृती, काय लिहिलंयस हे?"

"संस्कृती न्हाई, मी तिची सासू, गोजरबाई. तुमीच व्हय त्या भाकऱ्या लाटनाऱ्या?"

मी पदराचं टोक तोंडात धरलं. (पदर नव्हता. ओढणी होती. पण अशा वेळी पदरच म्हणावासा वाटतो.)

मग मॅडम म्हणाल्या, "ते भाकरीचं... चौथ्या पानावर आहे."

"व्हय की. चार, पाच आन् सा."

"म्हणजे तुम्ही सहाव्या पानापर्यंत वाचलंत?"

"शेवटाला गेले मी. ती म्हातारी दार उघडून बसती न्हवं पोरीची वाट बघत, तितं मला रडू आलं. पर आदी भाकरीचा राग आल्ता, म्हनून दोन."

मॅडमच्या नाक ओढण्याचा आवाज आला. "गोजरबाई," त्या म्हणाल्या, "तो शेवट लिहून मला दोन वर्षं झाली. त्याबद्दल आजवर कुणी एक शब्द बोललेलं नाही. सगळे नुसते निःशब्द."

"तरी मी म्हनलं हिला," आत्या म्हणाल्या.

त्यांचं बोलणं पाऊण तास चाललं. बारा वाजून गेले, आणि पाळी रद्द करणाऱ्याच बोलत असल्यामुळे माझी पाळी वाचली. दुपारी गुरुशांत सरांचा निरोप आला: 'शेळी दुरुस्त केली आहे. आता ती पौषात विते. माझ्या आणखी अकरा कथा आहेत, काकूंना वेळ असेल का?'

मी सुस्कारा टाकला. इतकं सगळं होऊनही शुक्रवार माझाच होता.

शुक्रवारी सकाळी नऊला कथा ग्रुपवर टाकली. त्याखाली मायाक्का मॅडमनी नवीन नियम टाकला: 'आजपासून कुणीही न वाचता प्रतिक्रिया देणार नाही. सुरुवात संस्कृतीपासून.' त्यावर माझ्यासकट बावीस जणांनी अंगठे दिले.

सव्वानऊला प्रतिक्रिया शून्य. एरवी एव्हाना बावीस जण गहिवरून मोकळे झालेले असतात.

दहा वाजता एकीने लिहिलं, 'वाचत आहे.' अकराला आणखी तिघांनी, 'वाचत आहोत.' दुपारी गुरुशांत सरांनी लिहिलं, 'तिसऱ्या परिच्छेदापर्यंत आलो होतो. जेवून पुन्हा प्रयत्न करतो.' चार वाजता त्यांनी लिहिलं, 'डुलकी लागली. क्षमस्व.' यादी सहाला लागते. सहाला ती लागली. त्यात माझी कथा नव्हती. मायाक्का मॅडमनी तेवढा धीर दिला: 'शुद्धलेखन निर्दोष आहे.'

मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. आत्या शेंगा निवडत होत्या.

"आत्या, माझी कथा वाचलीत का?"

"वाचली की. सकाळीच."

"मग काही लिहिलं नाहीत?"

"तुला वाईट वाटंल म्हनून ऱ्हायले. घरचं मानूस हायेस."

"नाही वाटणार. खरं सांगा." (हे मी का म्हटलं, मला आजही कळलेलं नाही.)

आत्यांनी सूप बाजूला ठेवलं. "भाषा बरी हाय. पर त्यातली सासू लई खोटी. सुनंला सकाळी च्या करून देती, पाय चेपू का म्हनती, कधी म्हनून बोलत न्हाई. आगं, अशी सासू कुटं बघितलीस तू? मी तीन देनार हुते."

मला भरून आलं. पाच महिने मी ही गोष्ट मनात ठेवली होती. मी त्यांचा हात धरला. "आत्या, ती सासू मी तुमच्यावरून लिहिलीय."

आत्यांनी चष्मा लावला, माझा मोबाईल ओढून घेतला आणि माझी कथा उघडली.

"तसं असंल," त्या म्हणाल्या, "तर एकच."