पणजोबांची राखाडी चौकट

पस्तीस वर्षं मी मुलांना गणित शिकवलं आणि एकदाही आवाज चढवला नाही. संयम माझ्याकडे पोत्यानं आहे! म्हणूनच नात शाळेसाठी वंशावळीचा तक्ता काढायला बसली, तेव्हा मी तिच्या हातातली पट्टी हळूच काढून घेतली.

"भिंगरे, हातानं कसला काढतेस? आपण संगणकावर लेटेक नावाच्या प्रणालीत काढू. नुसत्या आज्ञा लिहायच्या, चित्र आपोआप तयार!"

"पण आजोबा, तक्ता आजच द्यायचाय. साडेनऊला गाडी येते."

"आत्ता कुठे आठ वाजलेत. दहा मिनिटांचं काम!"

वर पणजोबा-पणजींची चौकट, खाली आम्ही दोघं, त्याखाली मुलगा-सून आणि तळाशी भिंगरी. कोपऱ्यात सूचना : 'राखाडी चौकट म्हणजे दिवंगत'. पणजोबांपाशी 'राखाडी' असा एक शब्द टाकला आणि ऐटीत कागद छापला.

भिंगरीनं तो पाहिला आणि भोकाड पसरलं. "आजोबा, मी मेले!"

अख्खं घर राखाडी! आमची ही स्वयंपाकघरातून आली, चष्मा लावून तक्ता वाचला.

"अहो, मी कधी गेले? मला कळवायचं तरी!"

"थांबा, समजावून सांगतो," मी शांतपणे म्हणालो. "वरच्याला दिलेला रंग वारशानं खालच्यांना मिळतो. ज्याला तो नको, त्याच्या चौकटीत 'पांढरा' असं वेगळं लिहायचं. म्हणजे त्याच्यापुरता वरचा रंग रद्द. समजलं?"

"समजलं. मग मला आधी जिवंत करा!" भिंगरी नाक पुसत म्हणाली.

तिला पांढरी केली. नियम पडताळावा म्हणून स्वतःलाही केलं आणि पुन्हा छापलं. काय सुरेख जमलं होतं!

"वा!" ही म्हणाली. "स्वतःला तेवढं बरोबर वाचवलंत!"

"अगं, एकेक करतोय ना!"

तेवढ्यात मुलगा अर्धी दाढी करून आला. "बाबा, दहाला माझी मीटिंग आहे. त्याआधी जिवंत करा."

"माझी घाई नाही हं," सूनबाई म्हणाल्या. "ऑफिसला न जायला याहून चांगलं कारण मिळणार नाही."

चौघं चार बाजूंनी बोलत असताना माझा एक कंस मिटायचा राहिला. एकच! संगणकानं सत्तेचाळीस चुका दाखवल्या. मी कंस शोधतोय, ही विचारतेय, "माझा नंबर सुनेच्या आधी की नंतर?" आणि पस्तीस वर्षांत न चढलेला माझा आवाज एकदम माळ्यावर जाऊन बसला. "गप्प बसा सगळे! मेलेली माणसं एवढी बोलतात का?"

बाहेर शाळेच्या गाडीचा भोंगा वाजला. भिंगरीनं प्रिंटरवरचा कागद उचलला आणि धूम ठोकली.

"अगं, तो नको! त्यात आपण दोघंच..."

गाडी गेलीसुद्धा. पाच मिनिटांत चूक सापडली. 'राखाडी' मी पणजोबांच्या चौकटीत न लिहिता अख्ख्या फांदीला लिहिलं होतं. शब्द चार बोटं सरकवला आणि सगळं घर उठून बसलं! पण उपयोग काय? पोरीचं वर्गात हसं होणार, या काळजीनं मला दुपारी जेवण गेलं नाही.

ती आली ती उड्या मारतच.

"आजोबा, दहापैकी दहा! वर्गात फक्त मलाच! बाईंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, रडायचं नाही हं, आजोबा आहेत ना! मी रडत नव्हतेच."

"अगं, मग सगळे धडधाकट आहेत हे सांगितलं नाहीस?"

"सांगणारच होते. पण तेवढ्यात त्यांनी दहा लिहिले."

दप्तरात सगळ्या मुलांना दिलेली शाळेची छापील चिठ्ठीही होती. शुक्रवारी पालकसभा, आईवडिलांनी अवश्य यावे. मी चिठ्ठी मुलापुढे धरली. त्यानं सूनबाईंकडे पाहिलं, सूनबाईंनी सासूकडे. ही शांतपणे म्हणाली, "तुम्हीच जा. आमच्यापैकी कुणाला जमेल असं वाटत नाही."

शुक्रवारी मी जातोय. एकटाच. आणि चेहरा दुःखी ठेवायची भिंगरीची सक्त ताकीद आहे!